किमान उत्पन्नाची हमी

किमान उत्पन्नाची हमी : समाजातील प्रत्येक व्यक्तीस अथवा कुटुंबास निर्वाहापुरते उत्पन्न शासनाने नियमितपणे मिळवून देण्याची तरतूद. हे उत्पन्न सामान्यतः रोख रकमेच्या रूपाने द्यावयाचे असते आणि त्याचा विनियोग कसा करावा, हे घेणाऱ्याने ठरवावयाचे असते. या कल्पनेची दोन प्रमुख रूपे आहेत. पहिल्या रूपात श्रीमंत-गरीब असा भेद न करता प्रत्येकास सारखीच रक्कम दिली जाते आणि सधनांना दिलेली रक्कम करांच्या द्वारा परत मिळविली जाते. यास ‘सार्वत्रिक मूलभूत उत्पन्न’ म्हणतात. दुसऱ्या रूपात एक उत्पन्नमर्यादा ठरवून तिच्याखालील कुटुंबांची तूट संपूर्णपणे वा अंशतः भरून काढली जाते. ‘ऋण प्राप्तिकर’ ही योजना या प्रकारात मोडते. वर्गणीवर आधारलेल्या सामाजिक विम्याहून ही हमी वेगळी आहे, कारण तीत लाभ मिळण्यासाठी आधी वर्गणी भरलेली असावी लागत नाही. रोजगार हमी ही तिची निकटची, परंतु तत्त्वतः भिन्न अशी कल्पना होय. रोजगार हमीत उत्पन्न मिळते ते केलेल्या कामाचा मोबदला म्हणून.

दारिद्र्यनिवारणाचा हा मार्ग वरवर पाहता अत्यंत सरळ आहे. ज्याच्यापाशी पैसा नाही त्यास तो दिला, की दारिद्र्य संपते. तथापि गेल्या दोनशेहून अधिक वर्षांच्या इतिहासात हा मार्ग पुनःपुन्हा सुचविला गेला आणि पुनःपुन्हा टाळला गेला. त्याचे कारण केवळ द्रव्याची टंचाई हे नव्हते. धडधाकट माणसास कामाची अट न घालता उत्पन्न दिल्यास तो आळशी बनेल, ही भीती अधिक प्रभावी ठरली. या भीतीस इंग्लंडमधील एका स्थानिक योजनेच्या अनुभवाचा आधार दिला गेला आणि त्या अनुभवाचा जो अर्थ १८३४ मध्ये लावण्यात आला, त्याची छाया पुढे भारतातील दुष्काळी धोरणावर आणि अमेरिकेतील कायद्यावरही पडली. म्हणून या विषयाच्या इतिहासात त्या योजनेस मध्यवर्ती स्थान द्यावे लागते.

पूर्वपीठिका : मध्ययुगीन यूरोपात गरिबांस साहाय्य करणे हे धर्मकृत्य मानले जाई व ते मुख्यतः चर्च आणि मठ यांच्याकडे असे. ही जबाबदारी नगरशासनाने घ्यावी, असे पद्धतशीर प्रतिपादन स्पॅनिश मानवतावादी विद्वान ह्वान लुइस व्हिव्हेस (१४९३–१५४०) याने १५२६ मध्ये ब्रूझ नगराच्या अधिकाऱ्यांना उद्देशून लिहिलेल्या ग्रंथात केले. गरजूंची नोंद ठेवून प्रत्येकास निर्वाहसाधन पुरवावे, मात्र ज्यास काम करणे शक्य आहे त्याने ते केलेच पाहिजे, अशी त्याची भूमिका होती.

इंग्लंडमध्ये १६०१ च्या दारिद्र्य कायद्याने प्रत्येक पॅरिशवर, म्हणजे चर्चच्या व्यवस्थेतील ग्रामविभागावर, आपल्या हद्दीतील निराधारांच्या पोषणाची जबाबदारी टाकली. त्यासाठी जमीनधारकांवर व घरधारकांवर ‘गरीबपट्टी’ बसविण्यात आली आणि तिच्या वसुलीसाठी व वाटपासाठी देखरेख-अधिकारी नेमण्यात आले. वृद्ध, अपंग व अनाथ यांना साहाय्य आणि धडधाकटांना काम, असा या कायद्याचा आराखडा होता. काम करणाऱ्या मजुराचेही पोट त्याच्या मजुरीवर भरत नाही, अशी परिस्थिती मात्र त्यात गृहीत धरलेली नव्हती. अठराव्या शतकाच्या अखेरीस नेमकी तीच उद्भवली.

स्पीनहॅमलँडची पद्धती : १७९४ चे पीक बुडाले, पाठोपाठचा हिवाळा अतिशय कडक गेला आणि फ्रान्सशी चालू असलेल्या युद्धामुळे धान्याच्या आयातीत अडथळे आले. गव्हाचे भाव भडकले; मजुरी मात्र जवळजवळ पूर्वीइतकीच राहिली. अशा स्थितीत बार्कशर परगण्यातील दंडाधिकारी ६ मे १७९५ रोजी न्यूबरीनजीकच्या स्पीनहॅमलँड येथील पेलिकन या पांथशाळेत जमले. मजुरीचे दर कायद्याने ठरवून द्यावेत, असा विचार त्यांच्यापुढे होता. तो बाजूस सारून त्यांनी पावाच्या भावाशी निगडित असे साहाय्याचे कोष्टक मंजूर केले.

या कोष्टकाची रचना अशी होती : ८ पौंड ११ औंस (सु. ३·९४ किग्रॅ.) वजनाच्या पावाची किंमत १ शिलिंग असताना प्रत्येक गरीब व कष्टाळू पुरुषास आठवड्याला ३ शिलिंग आणि त्याची पत्नी व कुटुंबातील अन्य प्रत्येक व्यक्ती यांसाठी दीड शिलिंग मिळाले पाहिजेत, कुटुंबाच्या मजुरीतून एवढी रक्कम होत नसेल, तर उरलेली गरीबपट्टीतून द्यावी. पावाची किंमत एक पेनीने वाढली, की पुरुषाच्या वाट्यात ३ पेन्स व इतर प्रत्येकाच्या वाट्यात १ पेनी वाढ व्हावयाची. म्हणजे पती, पत्नी व दोन मुले अशा कुटुंबास पाव १ शिलिंगाला असताना साडेसात शिलिंगांची, तर तो १ शिलिंग ४ पेन्सांना झाल्यावर साडेनऊ शिलिंगांची साप्ताहिक हमी होती. ही हमी पैशांत मोजली जात असली, तरी तिचा आधार भाकरी हा होता.

ही पद्धती पार्लमेंटच्या कायद्याने देशभर लागू झालेली नव्हती. दक्षिण व पूर्व इंग्लंडमधील धान्य पिकविणाऱ्या परगण्यांत तिचे निरनिराळे प्रकार प्रचारात आले. काही ठिकाणी ती केवळ टंचाईच्या वर्षांत वापरली गेली, तर काही ठिकाणी तिची जागा मोठ्या कुटुंबांना मुलांमागे भत्ता देण्याच्या प्रथेने घेतली. मजुरीचे किमान दर ठरविण्याची तरतूद असलेले सॅम्युएल व्हिटब्रेड याचे विधेयक पार्लमेंटमध्ये नामंजूर झाल्याने मजुरी वाढविण्याचा पर्याय मागे पडला व साहाय्याचा पर्याय तेवढा उरला.

याच सुमारास हमीचा अगदी वेगळ्या पायावरचा विचार मांडला गेला. टॉमस पेन (१७३७–१८०९) याने १७९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत असे म्हटले, की भूमी ही मूळची सर्व मानवांची सामाईक संपत्ती असून ती खाजगी मालकीची झाल्याने बहुसंख्यांचा वाटा बुडाला आहे. म्हणून वारसाहक्काने मिळणाऱ्या मालमत्तेवर कर बसवून एक निधी उभारावा व त्यातून प्रत्येकास वयाच्या २१ व्या वर्षी १५ पौंड आणि पन्नाशीनंतर दरवर्षी १० पौंड द्यावेत. टॉमस स्पेन्स याने त्याच वर्षी याच्याही पुढे जाऊन पॅरिशमधील सर्व जमिनीचा खंड सार्वजनिक करून त्यातील शिल्लक सर्व रहिवाशांत समप्रमाणात वाटावी, अशी सूचना केली. स्पीनहॅमलँडच्या दंडाधिकाऱ्यांच्या दृष्टीने साहाय्य हा टंचाईवरील उपाय होता. पेन व स्पेन्स यांच्या दृष्टीने तो हक्क होता. पुढील सर्व चर्चेत या दोन भूमिकांचा संघर्ष दिसून येतो.

१८३४ चा अहवाल व त्याची फेरतपासणी : इंग्लंड व वेल्समधील गरीबपट्टीचा खर्च १७८० नंतरच्या दशकात वर्षाला सु. २० लाख पौंड होता. तो १८१८ च्या सुमारास ८० लाख पौंडांच्या जवळ पोहोचला. या वाढीमागे लोकसंख्यावाढ, महागाई आणि युद्धोत्तर मंदी ही कारणे होती. परंतु टॉमस मॅल्थस आणि डेव्हिड रिकार्डो यांसारख्या अर्थशास्त्रज्ञांनी साहाय्याच्या पद्धतीलाच दोष दिला. साहाय्यामुळे मजूर लवकर विवाह करतात, लोकसंख्या वाढते, मजुरी घटते व दारिद्र्य कमी होण्याऐवजी वाढते, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. १८३० मध्ये दक्षिण इंग्लंडमध्ये शेतमजुरांचे मोठे दंगे झाले व जमीनदारवर्ग भयभीत झाला. १८३२ मध्ये शाही आयोग नेमण्यात आला. नॅसॉ सीनिअर व एड्विन चॅड्‌विक यांचा त्याच्या अहवालात प्रमुख वाटा होता.

या अहवालाने भत्त्याच्या पद्धतीवर आळस, बेशिस्त व अनीती यांना उत्तेजन दिल्याचा ठपका ठेवला. त्याच्या आधारे संमत झालेल्या १८३४ च्या दारिद्र्य कायदा दुरुस्ती अधिनियमाचे सूत्र असे, की साहाय्य घेणाऱ्या धडधाकट माणसाची स्थिती सर्वांत हलाखीच्या स्वतंत्र मजुराच्या स्थितीहूनही कमी समाधानकारक असली पाहिजे. त्यासाठी घरपोच साहाय्य बंद करून श्रमगृहात दाखल होण्याची अट घालावयाची होती. श्रमगृहांत पती-पत्नींना व मुलांना वेगवेगळे ठेवीत. कामाची व अप्रतिष्ठेची अट ही गरजेची खरी कसोटी होय, हे तत्त्व यातून रूढ झाले.

या अहवालाचा निर्णय शंभर वर्षांहून अधिक काळ इतिहास म्हणून स्वीकारला गेला. कार्ल पोलान्यी याने १९४४ मधील आपल्या प्रसिद्ध ग्रंथात बाजारव्यवस्थेवर कठोर टीका केली असली, तरी स्पीनहॅमलँडमुळे ग्रामीण मजुरांचे अधःपतन झाले, हा निष्कर्ष त्यानेही ग्राह्य धरला. मार्क ब्लॉग या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ व १९६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दोन लेखांत मात्र आयोगाच्याच परिशिष्टांतील माहितीची छाननी करून या निर्णयास आव्हान दिले. आयोगाच्या प्रश्नावलीस सु. १५,००० पॅरिशांपैकी केवळ दहा टक्क्यांच्या आसपास पॅरिशांनी उत्तरे पाठविली होती. ती पाठविणारे स्थानिक अधिकारी, पाद्री वा जमीनधारक होते; मजुरांचे म्हणणे त्यांत नव्हते. आलेल्या उत्तरांचे कोष्टकीकरणही आयोगाने केले नाही. पूर्वग्रहास पोषक अशी उदाहरणे तेवढी अहवालात पुढे आली. ब्लॉगच्या मते भत्ते हे कमी मजुरीचे कारण नसून परिणाम होते. ज्या परगण्यांत शेतीखेरीज अन्य उद्योग नव्हता व वर्षातील बराच काळ काम मिळत नसे, तेथेच ते प्रचलित होते. जॉर्ज बॉयर याने १९९० मध्ये केलेल्या अभ्यासातही भत्त्यांचा संबंध शेतीतील हंगामी कामाशी व मोठ्या शेतकऱ्यांच्या सोयीशी असल्याचे दाखविले.

याचा अर्थ ती पद्धती निर्दोष होती, असा नव्हे. तूट गरीबपट्टीतून भरून निघत असल्याने मजूर लावणाऱ्या शेतकऱ्यास पुरेशी मजुरी देण्याचे कारण उरत नसे आणि त्याचा भार मजूर न लावणाऱ्या लहान करदात्यांवरही पडे. परंतु हा दोष मजुराच्या आळसाचा नसून मजुरीच्या दरावर कोणतेही बंधन नसण्याचा होता. १८३४ च्या आयोगाने या दोहोंत गल्लत केली.

विसाव्या शतकातील विचार : पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये, डेनिस व मेबल मिल्नर या दांपत्याने इंग्लंडमध्ये प्रत्येक नागरिकास राष्ट्रीय उत्पन्नाचा ठराविक हिस्सा ‘राज्य बोनस’ म्हणून देण्याची योजना मांडली. मजूर पक्षात तिची चर्चा झाली. स्वीकार मात्र झाला नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विल्यम बेव्हरिज याच्या १९४२ च्या अहवालाने वर्गणीवर आधारलेल्या सामाजिक विम्याचा मार्ग पुरस्कारिला. ज्यूलिएट ऱ्हिस-विल्यम्स यांनी १९४३ मध्ये त्यास पर्याय म्हणून कर व साहाय्य यांची सांगड घालणारी योजना सुचविली. परंतु ब्रिटनने बेव्हरिजचाच मार्ग पतकरला.

अमेरिकेत मिल्टन फ्रीडमन याने १९६२ मध्ये ऋण प्राप्तिकराची कल्पना लोकप्रिय केली. विशिष्ट मर्यादेवरील उत्पन्नावर जसा कर घेतला जातो, तसा त्या मर्यादेखालील तुटीवर शासनाने काही टक्के उलट द्यावेत आणि अनेकविध साहाय्य योजनांचे जंजाळ दूर करावे, असा त्याचा हेतू होता. मुक्त बाजाराचा हा पुरस्कर्ता ज्या उपायाकडे वळला, त्याच उपायाकडे सामाजिक न्यायाच्या भूमिकेतून मार्टिन ल्यूथर किंग हाही १९६७ मध्ये वळलेला दिसतो. १९६८ मध्ये पॉल सॅम्युएल्सन, जॉन केनेथ गॅल्‌ब्रेथ व जेम्स टोबिन यांच्यासह हजाराहून अधिक अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी उत्पन्नाच्या हमीचा पुरस्कार करणारे निवेदन काढले.

निक्सन यांची कुटुंबसाहाय्य योजना : राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी ८ ऑगस्ट १९६९ रोजी कुटुंबसाहाय्य योजना जाहीर केली. चौघांच्या ज्या कुटुंबास काहीच उत्पन्न नाही, त्यास वर्षाला १,६०० डॉलर मिळावयाचे होते. कुटुंबाने मिळविलेल्या पहिल्या ७२० डॉलरांसाठी साहाय्यात कपात नव्हती. त्यापुढील उत्पन्नाच्या निम्म्याइतकी कपात व्हावयाची होती. काम करणाऱ्या गरीब कुटुंबांचाही तीत समावेश होता, हे तिचे वैशिष्ट्य होय.

योजना आकार घेत असताना निक्सन यांचे एक सल्लागार मार्टिन अँडरसन यांनी स्पीनहॅमलँडचा इतिहास सांगणारे टिपण त्यांच्यापुढे ठेवले. त्याचा आधार पोलान्यीचा ग्रंथ हा होता. योजनेचे शिल्पकार डॅन्येल मॉयनिहॅन यांना त्याचे खंडन करावे लागले. निक्सन यांनी योजना सोडली नाही. परंतु तिचे सादरीकरण बदलले. ही उत्पन्नाची हमी नव्हे, असे त्यांनी जाहीर भाषणात आग्रहाने सांगितले आणि धडधाकट लाभार्थींवर काम वा प्रशिक्षण स्वीकारण्याची अट ठेवली.

प्रतिनिधिगृहाने १६ एप्रिल १९७० रोजी हे विधेयक २४३ विरुद्ध १५५ मतांनी संमत केले. सिनेटच्या अर्थसमितीत ते अडले. दुरुस्त विधेयक १९७१ मध्ये प्रतिनिधिगृहाने पुन्हा संमत केले. १९७२ मध्ये ते सिनेटमध्ये मागे पडले. विरोध दोन्ही बाजूंनी झाला : सनातन्यांना ते आळसाला उत्तेजन वाटले, तर साहाय्यार्थींच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनांना रक्कम अपुरी व कामाची अट अन्याय्य वाटली. या मोहिमेतून हाती आली ती वृद्ध, अंध व अपंग यांच्यासाठीची उत्पन्नाची राष्ट्रीय हमी. ती १९७२ मध्ये संमत होऊन १९७४ पासून अंमलात आली. १९७५ मध्ये काम करणाऱ्या गरिबांना कमाईच्या प्रमाणात प्राप्तिकरात सवलत व प्रसंगी रोख परतावा देण्याची तरतूद झाली. धडधाकट गरिबांपैकी जे कमावतात त्यांनाच साहाय्य, ही जुनी विभागणी अशा रीतीने कायम राहिली.

प्रायोगिक योजना : कामावर होणाऱ्या परिणामांचा प्रश्न तर्काऐवजी निरीक्षणाने सोडविण्याचे प्रयत्न याच काळात सुरू झाले. न्यू जर्सी व पेनसिल्व्हेनिया (१९६८–७२), आयोवा व नॉर्थ कॅरोलायना यांचा ग्रामीण भाग, गॅरी आणि सिॲटल-डेन्व्हर या ठिकाणी निवडलेल्या कुटुंबांना ऋण प्राप्तिकराच्या धर्तीवर रक्कम देण्यात आली व तुलनेसाठी तशी रक्कम न मिळालेली कुटुंबेही अभ्यासण्यात आली. कुटुंबप्रमुख पुरुषांच्या कामाच्या तासांत झालेली घट अल्प होती. विवाहित स्त्रिया व तरुण यांच्या बाबतीत ती तुलनेने अधिक होती. सामूहिक कार्यत्यागाची भीती खरी ठरली नाही. सिॲटल-डेन्व्हर प्रयोगात विवाहविच्छेद वाढल्याचा प्रारंभीचा निष्कर्ष राजकीय दृष्ट्या फार हानिकारक ठरला. १९९० मध्ये झालेल्या फेरतपासणीत तो निष्कर्ष शंकास्पद असल्याचे दाखविण्यात आले.

कॅनडातील मॅनिटोबा प्रांतात १९७४–७९ या काळात झालेल्या प्रयोगाचे वैशिष्ट्य असे, की डॉफिन हे संपूर्ण नगर त्यात समाविष्ट होते. सरकारे बदलली, निधी आटला व माहितीचे विश्लेषण न होताच कागदपत्रे बासनात गेली. एव्हलिन फॉर्जे या संशोधिकेने आरोग्यविम्याच्या नोंदी वापरून २०११ मध्ये दाखवून दिले, की प्रयोगाच्या काळात डॉफिनमधील रहिवाशांचे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण तुलनात्मक गटापेक्षा ८·५ टक्क्यांनी घटले होते. नामिबियातील ओमिटारा-ओचिव्हेरो (२००८–०९) आणि फिनलंडमधील २,००० बेकारांना महिना ५६० यूरो देणारी योजना (२०१७–१८) हे अलीकडील उल्लेखनीय प्रयोग होत. फिनलंडमध्ये रोजगारावरील परिणाम किरकोळ, पण अनुकूल आढळला आणि लाभार्थींच्या मानसिक स्वास्थ्यात सुधारणा दिसून आली.

प्रयोगांपलीकडे जाऊन कायम स्वरूपाची व्यवस्था थोड्याच ठिकाणी झाली. अलास्का राज्यात खनिज तेलाच्या उत्पन्नातून उभारलेल्या निधीचा लाभांश १९८२ पासून रहिवाशांना वाटला जाऊ लागला; पहिल्या वर्षी तो प्रत्येकी १,००० डॉलर होता. हा लाभांश निर्वाहास पुरेसा नाही. तथापि सामाईक संपत्तीत प्रत्येकाचा वाटा, हे पेनचे तत्त्व त्यात आढळते. स्वित्झर्लंडमध्ये ५ जून २०१६ रोजी झालेल्या सार्वमतात मूलभूत उत्पन्नाचा प्रस्ताव सु. ७७ टक्के मतदारांनी फेटाळला.

भारतातील परिस्थिती : १८३४ चे तत्त्व ब्रिटिश प्रशासनाबरोबर भारतातही आले. १८७७ मध्ये रिचर्ड टेंपल याने दुष्काळी कामांवरील मजुरीचा हिशेब दिवसाला एक पौंड धान्यावर आणला. या दराविरुद्ध पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारकडे दाद मागितली. १८८० च्या दुष्काळ आयोगाने धडधाकटांना सार्वजनिक कामे व अशक्तांना मोफत साहाय्य ही विभागणी नियमबद्ध केली. परंतु दुष्काळात साहाय्य मागणे हा गरिबांचा हक्क मानल्यास तो सर्वकाळचा हक्क मानावा लागेल व त्यातून गरिबांच्या सार्वत्रिक साहाय्याच्या पद्धतीचा पाया घातला जाईल, अशी गंभीर चिंताही त्या आयोगाने नमूद केली. इंग्लंडमधील जुन्या वादाचा हा भारतीय प्रतिध्वनी होय.

स्वातंत्र्योत्तर काळात पीतांबर पंत यांच्या मार्गदर्शनाखाली नियोजन आयोगाच्या दीर्घकालीन नियोजन विभागाने १९६२ मध्ये तयार केलेल्या टिपणात १९६०-६१ च्या किंमतींनुसार दरडोई दरमहा २० रुपये हे किमान जीवनमान मानले आणि ते १९७५-७६ पर्यंत साध्य करण्याची दिशा आखली. आर्थिक विकासाचा लाभ सर्वांत तळच्या सु. एकपंचमांश लोकांपर्यंत आपोआप पोहोचणार नाही, हे त्यात स्पष्टपणे मान्य केले होते. वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतातील दारिद्र्यावरील अभ्यासात ग्रामीण लोकसंख्येपैकी सु. ४० टक्के व नागरी लोकसंख्येपैकी सु. ५० टक्के लोक किमान आहारासही पुरेसा खर्च करू शकत नसल्याचे दाखविले. त्यांनी सुचविलेला उपाय रोख साहाय्याचा नव्हता. सधनांवर कर बसवून ग्रामीण बांधकामे काढावीत व मागेल त्यास किमान मजुरीवर काम द्यावे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

हा विचार प्रत्यक्षात आणण्यात महाराष्ट्राने पुढाकार घेतला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या प्रेरणेने सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात १९६५ मध्ये प्रयोग झाला व १९७२ मध्ये राज्याची रोजगार हमी योजना सुरू झाली. त्याच सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळात मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या सु. ५० लाखांवर गेली. १९७७ मध्ये विधिमंडळाने रोजगार हमी अधिनियम संमत केला. २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. १९७५ च्या व्यवसाय कराचे उत्पन्न आणि तितकेच राज्याचे अनुदान, असा निधीचा मुख्य आधार होता; म्हणजे शहरातील नोकरदार व व्यावसायिक यांच्या करातून खेड्यातील मजुरांना काम, अशी त्याची रचना होती. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास दिवसाला किमान एक रुपया बेकारभत्ता देण्याची तरतूद त्यात होती. २००५ च्या केंद्रीय कायद्याने ग्रामीण कुटुंबास वर्षातून शंभर दिवसांच्या रोजगाराची हमी दिली, ती मुख्यतः याच अनुभवाच्या आधारे.

महाराष्ट्राच्या योजनेने कामाची अट स्वीकारली, पण तिचा अर्थ बदलला. श्रमगृहात काम हे साहाय्य मागणाऱ्यास परावृत्त करण्याचे साधन होते. येथे ते कायद्याने मागता येणारा हक्क बनले. तथापि जे काम करू शकत नाहीत, ते वृद्ध, आजारी व निराधार या हमीच्या बाहेर राहिले. त्यांच्यासाठी १९८० मध्ये संजय गांधी निराधार अनुदान योजना स्वतंत्रपणे सुरू करावी लागली.

रोख हमीचा थेट प्रयोग भारतात २०११ नंतर झाला. सेवा या स्त्रियांच्या संघटनेने युनिसेफच्या अर्थसाहाय्याने मध्य प्रदेशातील काही गावांत प्रत्येक प्रौढास दरमहा २०० रुपये व मुलामागे १०० रुपये विनाअट दिले. वर्षभरानंतर या रकमा अनुक्रमे ३०० व १५० करण्यात आल्या. सु. ६,००० लोकांना हा लाभ मिळाला. आहार व शाळेतील उपस्थिती यांत सुधारणा झाली, कर्जाचा बोजा हलका झाला आणि काही कुटुंबे मोलमजुरीकडून स्वतःच्या शेतीकडे वळली. २०१६-१७ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीने मूलभूत उत्पन्नास एक संपूर्ण प्रकरण दिले. ७५ टक्के लोकसंख्येस दरडोई वर्षाला ७,६२० रुपये दिल्यास राष्ट्रीय उत्पन्नाच्या सु. ४·९ टक्के खर्च येईल, असा अंदाज तीत केला होता. त्यानंतर शेतकरी कुटुंबांना वर्षाला ६,००० रुपये देणारी केंद्राची योजना (२०१९) व महाराष्ट्रात पात्र स्त्रियांना दरमहा १,५०० रुपये देणारी मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना (२०२४) अशा विशिष्ट वर्गांसाठीच्या रोख योजना निघाल्या. त्या विनाअट असल्या, तरी सार्वत्रिक नव्हेत आणि त्यांतील रकमा निर्वाहखर्चावरून ठरविलेल्या नाहीत.

मूल्यमापन : उपलब्ध पुराव्यावरून असे म्हणता येते, की अल्प उत्पन्नाची हमी मिळाल्याने बहुसंख्य माणसे काम सोडत नाहीत, १८३४ च्या अहवालातील मूळ आरोप टिकत नाही. परंतु प्रयोगांच्या मर्यादाही ध्यानात घेतल्या पाहिजेत. ते अल्पकालीन होते आणि त्यांचा खर्च बाहेरून भागविला गेला. हमी कायमची असल्यास मजुरीचे दर, धान्याचे भाव व कररचना यांवर काय परिणाम होईल, हे त्यांवरून ठरविता येत नाही. स्पीनहॅमलँडचा खरा धडा या संदर्भात उपयुक्त आहे : मजुरीचे किमान दर ठरवून न देता दिलेल्या साहाय्याचा लाभ मजुराबरोबर मालकासही पोहोचतो. तसेच शाळा, दवाखाना व पिण्याचे पाणी जेथे नाही, तेथे रोख रकमेने ती निर्माण होत नाहीत. म्हणून सार्वजनिक सेवांना पर्याय म्हणून रोख हमीचा विचार करणे सयुक्तिक ठरत नाही.

हमीच्या टिकाऊपणाचा प्रश्न याहून अधिक महत्त्वाचा आहे. इराणने इंधनावरील अनुदाने कमी करून डिसेंबर २०१० पासून जवळजवळ सर्व नागरिकांना दरमहा ४,५५,००० रियाल देण्यास आरंभ केला. परंतु रक्कम स्थिर राहिली, भाव वाढत गेले आणि काही वर्षांतच तिचे मोल नगण्य झाले. भारतात केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनातील ६० ते ७९ या वयोगटासाठीचा २०० रुपयांचा वाटा २००७ नंतर पंधरा वर्षांहून अधिक काळ बदलला नाही. अशा तरतुदींत रक्कम दिली जाते, पण उत्पन्नाची हमी उरत नाही. बार्कशरच्या दंडाधिकाऱ्यांचे कोष्टक अनेक बाबतींत सदोष होते. तथापि मजुराच्या कुटुंबास किती पैसे मिळावेत, हे ठरविताना त्यांनी प्रथम पावाचा भाव पाहिला. पुढील काळातील बहुतेक योजनांत हा दुवा सुटलेला आहे आणि तो पुन्हा जोडल्याशिवाय दारिद्र्य संपविण्याचे साधन म्हणून या कल्पनेची खरी परीक्षा होऊ शकणार नाही.